न पेरण्याचा मोबदला

कोलोरॅडो राज्याच्या आग्नेय टोकाला बाका नावाची काउंटी आहे. कॅन्सस, ओक्लाहोमा आणि न्यू मेक्सिको या तिन्ही राज्यांच्या सीमा तिला लागून आहेत. क्षेत्रफळ साडेसहा हजार चौरस किलोमीटरांहून जास्त, म्हणजे आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यापेक्षा मोठे. आणि २०२० च्या जनगणनेत तिथली माणसे भरली साधारण साडेतीन हजार. पाऊस वर्षाला सुमारे ४०० मिलिमीटर, तोही बेभरवशाचा. वारा मात्र बारमाही. या काउंटीत, आणि तिच्यासारख्या मैदानी मुलखातल्या कितीतरी काउंट्यांत, हजारो एकर जमीन अशी आहे की जिच्यावर गहू किंवा ज्वारी पेरली जात नाही आणि ती न पेरल्याबद्दल अमेरिकेचे केंद्र सरकार जमीनमालकाला दर वर्षी पैसे देते. योजनेचे नाव कॉन्झर्व्हेशन रिझर्व्ह प्रोग्रॅम. शेतकऱ्यांच्या तोंडी नुसते सीआरपी. देशभरात तिच्यावर दर वर्षी पावणेदोन ते दोन अब्ज डॉलर खर्च होतात.

या योजनेवर दोन टोकांची मते ऐकू येतात. एका बाजूला ‘काम न करता पैसे’ म्हणून तिची हेटाळणी होते, तर दुसऱ्या बाजूला निसर्गरक्षणाचा आदर्श म्हणून तिचे गोडवे गायले जातात. मला दोन्ही मते अपुरी वाटतात. शेतकऱ्याला माती राखण्याचे पैसे देणे न्याय्य आहे, आवश्यकही आहे. पण सरकार ते ज्या रीतीने देते, त्या रीतीत मूलभूत दोष आहे. जी जमीन कधीच नांगरायला नको होती, ती सरकार दहा-दहा वर्षांच्या खंडाने घेते. खंडाची मुदत संपते तेव्हा गव्हाचा भाव काय आहे, यावर त्या गवताचे भवितव्य ठरते. इतक्या मोठ्या सार्वजनिक खर्चाच्या बदल्यात लोकांना मिळायला हवी कायमची सुरक्षितता, आणि मिळते फक्त मुदतवाढ. दोषाचे मूळ इथे आहे आणि त्यावर उपायही आहे.

मुळात पैसे का द्यायचे, हा प्रश्न आधी सोडवला पाहिजे. आपल्या जमिनीची काळजी घेणे हे मालकाचे कर्तव्यच नाही का, असा आक्षेप नेहमी येतो. त्याचे उत्तर या मुलखाच्या इतिहासात आहे. या मैदानांवर पूर्वी आखूड गवत होते. ब्लू ग्रामा, बफेलो ग्रास यांसारख्या जाती जमिनीत मुळांचे दाट जाळे विणतात आणि पाऊस दोन-तीन वर्षे रुसला तरी माती सोडत नाहीत. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने कुटुंबाला १६० एकर जमीन देऊ केली. एवढ्यावर कोरड्या मैदानात पोट भरत नाही हे दिसल्यावर १९०९ च्या कायद्याने ती ३२० एकर केली. अट अशी, की त्यातली काही जमीन कसून दाखवायची. पहिल्या महायुद्धात सरकारने गव्हाला बुशेलमागे सुमारे दोन डॉलरची हमी दिली. मग ट्रॅक्टर आले, तव्यांचे नांगर आले. हे नांगर भराभर काम उरकत, पण मातीचा पार भुगा करून टाकत. शहरांत राहून पेरणी-कापणीपुरते फिरकणारे ‘सूटकेस फार्मर’ही या सुगीत उतरले. गवत उलटले गेले ते असे: सरकारच्या प्रोत्साहनाने, सरकारच्या हमीभावाने आणि सरकारच्याच कायद्याने घातलेल्या अटीमुळे.

तीसच्या दशकात पाऊस थांबला आणि गव्हाचे भाव कोसळले, तेव्हा उघडी पडलेली जमीन उडू लागली. मे १९३४ मधल्या वादळाची धूळ न्यूयॉर्कपर्यंत आणि पुढे अटलांटिक महासागरावर पोहोचली. १४ एप्रिल १९३५ चा ‘ब्लॅक संडे’ त्या मुलखाच्या स्मृतीत कोरला गेला आहे. त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत, २७ एप्रिलला, मृदसंधारणाचा राष्ट्रीय कायदा झाला आणि ह्यू हॅमंड बेनेट या मृदाशास्त्रज्ञाकडे त्या कामाची सूत्रे आली. बाका काउंटीची लोकसंख्या १९३० मध्ये साडेदहा हजारांच्या आसपास होती. १९४० मध्ये ती सहा हजारांच्या घरात आली. माणसे गेली, शाळा ओस पडल्या, आणि जे उरले त्यांनी दारे-खिडक्यांच्या फटींत ओल्या चादरी कोंबून धुळीशी झुंज दिली.

पैसे देण्याचा न्याय या इतिहासातून उभा राहतो. बांधाच्या आत जे घडते, त्याचा परिणाम बांधाबाहेर शेकडो मैलांवर होतो. माती धरून ठेवली तर लाभ सगळ्यांचा आणि तोटा एकट्या शेतकऱ्याचा; उडू दिली तर लाभ एकट्याचा आणि तोटा सगळ्यांचा. शिवाय नांगर घालायला लावण्यात ज्या समाजाचा हात होता, त्याने नांगर थांबवण्याचा भार एकट्या शेतकऱ्यावर टाकून मोकळे होणे बरोबर नाही. म्हणून हा मोबदला दान नव्हे. समाजाने केलेल्या चुकीची आणि समाजाला हव्या असलेल्या लाभाची ती किंमत आहे.

पण या मोबदल्याच्या जन्मातच एक गोंधळ शिरला. शेतमालाचे भाव वर आणण्यासाठी पेरा कमी करायचा आणि त्याचे पैसे शेतकऱ्याला द्यायचे, अशी रुझवेल्ट सरकारची १९३३ ची योजना होती. जानेवारी १९३६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती घटनाबाह्य ठरवली. दोन महिन्यांच्या आत काँग्रेसने नवा कायदा केला. आता पैसे द्यायचे होते ते मातीचा कस खाणारी पिके सोडून माती राखणारी पिके घेण्यासाठी. त्या दिवसापासून मृदसंधारण आणि शेतकऱ्याचे उत्पन्न हे दोन हेतू एकाच धनादेशात गुंफले गेले, ते आजतागायत. दोन्ही हेतू चांगलेच आहेत. पण धान्याची कोठारे भरून वाहतात तेव्हा सरकारला गवत आवडते, आणि टंचाई येते तेव्हा त्याच गवताखालची जमीन सलू लागते. माती मात्र बाजाराकडे पाहून उडायची थांबत नाही.

हे किती खरे आहे, ते १९५६ च्या ‘सॉइल बँक’ योजनेने दाखवून दिले. आयझेनहॉवर सरकारने धान्याचा साठा कमी करण्यासाठी जमिनी काही वर्षांच्या करारावर पडीक ठेवायला घेतल्या. १९६० च्या सुमारास हे क्षेत्र २ कोटी ८० लाख एकरांच्या पुढे गेले होते. करार संपले. सत्तरच्या दशकात रशियाने प्रचंड गहू खरेदी केला, भाव चढले आणि कृषिमंत्री अर्ल बट्झ यांनी शेतकऱ्यांना कुंपणापासून कुंपणापर्यंत पेरा करायला सांगितले. सॉइल बँकेच्या पैशांनी वाढवलेले गवत पुन्हा नांगराखाली गेले. पुढच्या दशकात धान्याचे ढीग साचले, भाव पडले, कर्जबाजारी शेतकऱ्यांची घरेदारे लिलावात निघाली. आणि १९८५ च्या शेती कायद्यात तीच कल्पना सीआरपी या नव्या नावाने आली. हेतू तेच दोन: माती वाचवायची आणि अतिरिक्त धान्य आवरायचे.

योजना चालते कशी, ते जवळून पाहिले पाहिजे. समजा, एका शेतकऱ्याकडे तीन सेक्शन जमीन आहे. एक सेक्शन म्हणजे एक चौरस मैल, ६४० एकर. त्यातली एक सेक्शन हलकी, रेताड, वाऱ्याच्या तोंडी आहे. तो काउंटीच्या शेती कार्यालयात जाऊन ती सीआरपीत देऊ करतो. जमिनीची धूप होण्याची शक्यता, पाण्याला आणि वन्यजीवांना होणारा फायदा, कोणते गवत लावणार आणि किती दर मागणार, या सगळ्यांना गुण असतात. त्यांची बेरीज करून देशभरातल्या अर्जांची क्रमवारी लागते. अर्ज मंजूर झाला की दहा ते पंधरा वर्षांचा करार होतो. दर ठरतो तो त्या काउंटीतल्या कोरडवाहू जमिनीच्या सरासरी खंडावरून. एकरी ३० डॉलर धरले तर त्या सेक्शनचे वर्षाला १९,२०० डॉलर होतात. एका व्यक्तीला या खंडापोटी वर्षाला ५०,००० डॉलरांहून जास्त मिळू शकत नाहीत. गवत उभे करण्याच्या खर्चातला निम्मा वाटा सरकार उचलते.

हे गवत उभे करणे ही सोपी गोष्ट नाही, आणि ‘काम न करता पैसे’ म्हणणाऱ्यांनी ते एकदा जवळून पाहावे. पहिल्या वर्षी दक्षिण मैदानांवर साधारणपणे ज्वारी पेरतात, धान्यासाठी नव्हे, तर धसकटांसाठी. त्या उभ्या धसकटांत पुढच्या वसंतात गवताचे बी पेरतात, कारण उघड्या जमिनीत पेरलेले बी वारा मातीसकट घेऊन जातो. देशी गवतांचे बी हलके, लवदार. नेहमीच्या पेरणीयंत्रातून ते खाली उतरतच नाही, त्याला वेगळी पेटी असलेले यंत्र लागते. बी अर्ध्या इंचाहून फार खोल गेले तर उगवत नाही, वर राहिले तर सुकते. पाऊस चुकला तर पेरणी पुन्हा करावी लागते. मधल्या काळात रशियन थिसल आणि कोचिया ही तणे डोके वर काढतात, ती कापायची असतात. ब्लू ग्रामा, साइडओट्स ग्रामा, लिटल ब्लूस्टेम यांचे रान खऱ्या अर्थाने जम धरायला तीन-चार वर्षे जातात. सुरुवातीच्या काळात घाईघाईने अनेक ठिकाणी परदेशी गवताची एकच एक जात पेरली गेली. तिने माती धरली, पण पक्ष्यांना तिचा उपयोग कमी झाला. कॅन्ससमध्ये सरकारने देशी मिश्र गवतांवर भर दिला, तिथे लेसर प्रेअरी चिकन हा माळावरचा पक्षी ज्या भागातून दिसेनासा झाला होता, तिथे पुन्हा पसरला. बी कोणते निवडले, एवढ्या बारीक गोष्टीने हा फरक पडला.

या श्रमांचे फळ मोठे आहे, हे निर्विवाद. अमेरिकेतल्या पिकाऊ जमिनीवरची धूप १९८२ मध्ये वर्षाला सुमारे ३ अब्ज टन होती. २००७ पर्यंत ती १.७ अब्ज टनांवर आली. कमी मशागतीच्या पद्धतींचा आणि १९८५ च्या कायद्यातल्या इतर अटींचा त्यात वाटा आहे, तसाच सीआरपीचाही आहे. २०११ ते २०१३ या काळात दक्षिण मैदानांवर पुन्हा भीषण दुष्काळ पडला. धुळीची वादळे उठली, पण तीसच्या दशकासारखा मुलूख उजाड झाला नाही. ज्यांना ही योजना बंदच करायची आहे, त्यांनी या एका गोष्टीचे उत्तर द्यावे.

आता आक्षेप. पहिला आक्षेप पैशांच्या उधळपट्टीचा. त्यात तथ्य होते. १९८६ पासूनच्या पहिल्या फेऱ्यांत सरकारने प्रत्येक विभागासाठी एक कमाल दर मनाशी धरला होता. तो आकडा शेतकऱ्यांना दोन-तीन फेऱ्यांत कळला आणि सगळ्या बोली त्याच आकड्यावर येऊन थांबल्या. जी जमीन कमी खंडात मिळाली असती तिलाही तोच दर मिळाला. तेव्हा एकरांचे उद्दिष्ट गाठण्याची घाई होती. १९९० पर्यंत जवळजवळ ३ कोटी ४० लाख एकर जमीन घेतली गेली. पुढे गुणांकनाची पद्धत आली आणि ही चूक बरीच सुधारली. तेव्हा या आक्षेपाने योजना रद्द होत नाही, तिला शिस्त लागते.

दुसरा आक्षेप गावकऱ्यांचा, आणि तो मला सर्वांत जास्त अस्वस्थ करतो. शेत पेरले नाही तर बियाणे, खत, डिझेल विकणाऱ्याचे काय? कापणीच्या हंगामात राबणाऱ्यांचे काय? धान्य साठवणाऱ्या एलिव्हेटरचे काय? जमीनमालक धनादेश घेऊन दूरच्या शहरात राहायला गेला, तर गावातले दुकान आणि शाळा कोण चालवणार? सॉइल बँकेच्या काळात अख्खीच्या अख्खी शेते करारात गेली आणि गावे खचली, असा अनुभव होता. म्हणूनच १९८५ च्या कायद्याने मर्यादा घातली, की एका काउंटीतल्या पिकाऊ जमिनीपैकी २५ टक्क्यांहून जास्त जमीन या योजनेत घेता येणार नाही, आणि स्थानिक अर्थव्यवस्थेला धक्का बसणार नाही हे दाखवल्यावरच त्यात सवलत मिळेल. माती वाचवताना माणसांची वस्तीही मोजली पाहिजे, हे कायद्याने मान्य केले, ही फार मोलाची गोष्ट आहे.

कृषी खात्याच्याच अर्थतज्ज्ञांनी २००४ मध्ये या प्रश्नाचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या काउंट्यांत सीआरपीची जमीन जास्त, तिथे सुरुवातीच्या वर्षांत रोजगाराची वाढ मंदावली. पण हा परिणाम टिकला नाही, आणि लोकसंख्या घटण्याचे कारण म्हणून सीआरपीकडे बोट दाखवता येईल असा पुरावा मिळाला नाही. बाकाचे आकडेही हेच सांगतात. तिथली सर्वांत मोठी गळती सीआरपीच्या अर्धे शतक आधी झाली, आणि ती झाली माती उडाल्यामुळे. तरीही सरासरीत सुटून जाणारे एक दुःख उरतेच. ज्या वर्षी एलिव्हेटरमधली माणसाची नोकरी गेली, त्या वर्षी ‘हा परिणाम तात्पुरता आहे’ हे वाक्य त्याच्या काही कामाचे नसते. त्याच्या वाट्याला सीआरपीचा एक डॉलरही येत नाही, कारण पैसा जमिनीच्या पाठी जातो आणि जमीन त्याच्या नावावर नाही. जमीन खंडाने कसणाऱ्याचीही तीच गत. कायद्यात त्याच्या संरक्षणाची तरतूद आहे, पण मालकाला सरकारकडून निश्चित खंड मिळू लागला की नवख्या शेतकऱ्याला जमीन मिळणे अवघड होते.

तिसरा आक्षेप अर्थशास्त्रज्ञांचा: इकडे एक जमीन पडीक ठेवली, तर तिकडे दुसरी नांगरली जाते. जुनजी वू यांनी २००० मध्ये मध्य अमेरिकेतल्या राज्यांसाठी हिशेब मांडला, की सीआरपीत गेलेल्या दर १०० एकरांमागे सुमारे २० एकर नवी जमीन लागवडीखाली आली. या आकड्यावर पुढे वाद झाला, तो अजून मिटलेला नाही. मात्र त्यामागचा प्रश्न खरा आहे, आणि तो आपल्याला मूळ दोषापर्यंत घेऊन जातो.

दोष दिसला २००७ नंतर. त्या वर्षी सीआरपीचे क्षेत्र सर्वोच्च पातळीवर, ३ कोटी ६८ लाख एकरांवर होते. त्याच वर्षी झालेल्या ऊर्जा कायद्याने मक्यापासून इथेनॉल बनवण्याला जबरदस्त चालना दिली. मक्याचा भाव २००५ च्या सुमारास बुशेलला दोन डॉलरच्या आसपास होता. २०१२ च्या दुष्काळात तो आठ डॉलरच्या वर गेला. ज्यांचे करार संपत होते त्यांनी हिशेब केला आणि गवतात नांगर घातला. पुढे २०१४ च्या कायद्याने योजनेची कमाल मर्यादाच २ कोटी ४० लाख एकरांवर आणली. दहा वर्षांत सव्वा कोटीहून अधिक एकर जमीन योजनेबाहेर पडली. त्यातली सगळी नांगरली गेली नाही, पण डकोटा राज्यांपासून आयोवापर्यंतच्या पट्ट्यात २००६ ते २०११ या पाच वर्षांत १३ लाख एकर गवताळ जमीन मका आणि सोयाबीनखाली गेल्याचे एका अभ्यासात दिसले. युक्रेनवर युद्ध आले तेव्हा, २०२२ मध्ये, शेवटच्या वर्षात असलेले करार स्वेच्छेने मोडण्याची मुभा खुद्द सरकारनेच दिली.

मी त्या शेतकऱ्याला दोष देत नाही. वीस वर्षे वाढवलेले गवत मोडताना त्यालाही वाईट वाटत असेल. पण त्याच्यावर कर्ज आहे, शेजारचा दुप्पट कमावतो आहे आणि सरकारने त्याच्याशी करारच मुळी दहा वर्षांचा केला होता. दोष सौद्याचा आहे. एकरी ३० डॉलरने तीस वर्षे खंड भरला, तर एकरामागे ९०० डॉलर होतात, आणि एकतिसाव्या वर्षी लोकांच्या हातात त्या जमिनीवरचा कसलाही हक्क उरत नाही.

बाका काउंटीतच याची उलट बाजूही पाहायला मिळते. तीसच्या दशकात सरकारने धुळीने उद्ध्वस्त झालेल्या काही जमिनी शेतकऱ्यांकडून विकत घेतल्या आणि तिथे पुन्हा गवत लावले. १९६० पासून त्या कोमांची राष्ट्रीय कुरण या नावाने ओळखल्या जातात. तिथे गुरे चरतात, चराईचा परवाना स्थानिक पशुपालकांना मिळतो. सत्तरच्या दशकात गव्हाचे भाव चढले, २०१२ मध्ये मक्याचे चढले. या कुरणावर नांगर चालला नाही. एकाच मुलखात एकाच संकटातून दोन मार्ग निघाले होते. कायमचा हक्क घेतलेली जमीन नऊ दशकांनंतरही गवताखाली आहे. मुदतीने घेतलेली जमीन प्रत्येक तेजीत टांगणीला लागते.

याचा अर्थ सरकारने आता सगळी रेताड जमीन विकत घ्यावी, असे मी म्हणत नाही. सरकारी मालकी आली की काउंटीचा मालमत्ता कर बुडतो, कुटुंबे उठतात, आणि तीसच्या दशकातल्या त्या खरेदीमागे अगतिक माणसांची वेदना होती, हे विसरता येत नाही. पण पूर्ण मालकी आणि दहा वर्षांचा खंड यांच्या मध्ये एक वाट आहे, आणि ती अमेरिकेच्या कायद्यात आजही उपलब्ध आहे. जमीन शेतकऱ्याचीच राहते. तो ती विकू शकतो, मुलांना देऊ शकतो, तिच्यावर गुरे चारू शकतो. सरकार फक्त एक हक्क विकत घेते: नांगरण्याचा. पाणथळ जमिनींसाठी अशी कायमची तरतूद १९९० च्या कायद्यापासून आहे, कुरणांसाठीही पुढे आली. पण २०१८ च्या शेती कायद्याने या साऱ्यासाठी वर्षाला ४५ कोटी डॉलर ठेवले, म्हणजे सीआरपीच्या खर्चाचा चौथा हिस्सा. हे प्रमाण उलटे व्हायला हवे. ज्या जमिनी तीन-तीन वेळा करारात आल्या आणि प्रत्येक वेळी धूपप्रवणच ठरल्या, त्यांच्याबद्दल आणखी दहा वर्षे वाट पाहून कोणते नवे ज्ञान मिळणार आहे?

कायमच्या बंधनाला शेतकरी बिचकतात, आणि त्यांची भीती समजण्यासारखी आहे. नातवाचे हात आपण कसे बांधायचे, असे ते विचारतात. पण नांगरानेही नातवाचे हात बांधले जातात. मूळ कुरण एकदा मोडले की ते तसेच्या तसे माणसाच्या आयुष्यात परत येत नाही, आणि उडालेला मातीचा थर तर अनेक पिढ्यांत बनत नाही. दोन्ही निर्णय कायमचेच आहेत. फरक एवढाच, की एकाचा मोबदला मिळतो आणि दुसऱ्याची किंमत नातवाला चुकवावी लागते.

सरकारने आपल्या दुसऱ्या हातालाही आवर घातला पाहिजे. एका हाताने ते गवताचा खंड देते, दुसऱ्या हाताने पीक विम्याच्या हप्त्यातला सरासरी ६० टक्क्यांच्या आसपास वाटा भरते. विम्यावरचा हा खर्च सीआरपीहून कितीतरी मोठा आहे. हलक्या जमिनीवर गहू पेरण्यातला धोका असा सरकारनेच अंगावर घेतला, तर पेरणारा का थांबेल? विमा हवा असेल तर धूपप्रवण जमिनीवर मृदसंधारणाचे नियम पाळा, ही अट १९९६ मध्ये काढून टाकली गेली आणि २०१४ मध्ये परत आली, ही समाधानाची गोष्ट. मूळ कुरण नव्याने मोडणाऱ्याचे विम्याचे अनुदान पहिली काही वर्षे कमी करण्याची तरतूदही त्याच कायद्यात आहे, पण ती फक्त सहा राज्यांना लागू आहे: मिनेसोटा, आयोवा, दोन्ही डकोटा, माँटाना आणि नेब्रास्का. जिथे धुळीचा कहर झाला, ते कोलोरॅडो, कॅन्सस, ओक्लाहोमा आणि टेक्सास या यादीत नाहीत. ती तरतूद देशभर लागू करायला एका डॉलरचाही जादा खर्च येणार नाही. उलट पैसे वाचतील.

आणि जिथे जमीन चांगली आहे, तिथे अख्खे शेत पडीक ठेवायचे कारणच नाही. आयोवा स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी मक्या-सोयाबीनच्या शेतात फक्त दहा टक्के जागेवर, पाणी वाहते त्या उतारावर, देशी गवताचे आणि रानफुलांचे पट्टे लावले. शेतातून वाहून जाणारी माती सुमारे ९५ टक्क्यांनी घटली. २०१८ पासून अशा पट्ट्यांनाही सीआरपीचे पैसे मिळतात. उरलेल्या नव्वद टक्के शेतात पीक उभे राहते, बियाणे विकले जाते, एलिव्हेटर चालतो. गावाचा आक्षेप आणि मातीची गरज यांचा मेळ असा बसतो. कोरड्या मैदानावर हाच मेळ चराईतून बसेल. सीआरपीच्या पिकाऊ जमिनीवरच्या करारांत चराईला मुख्यतः दुष्काळातली सवलत किंवा अपवाद म्हणूनच जागा राहिली आहे. गवताची ही मैदाने बायसनच्या कळपांखाली घडली आहेत. योग्य वेळी, योग्य प्रमाणात चरलेल्या गवताला धोका नसतो, आणि पशुपालन असेल तर गावात माणसे राहतात. निवृत्त होणाऱ्या मालकाने करार संपल्यावर जमीन नव्या शेतकऱ्याला दिली, तर त्याला दोन वर्षांचा जादा खंड देण्याची सोय २००८ पासून आहे. ती सवलत न राहता योजनेचा मुख्य रस्ता झाली पाहिजे.

शेवटचा मुद्दा निर्णय कोण घेतो याचा. या योजना काउंटीच्या पातळीवर राबवल्या जातात आणि तिथे शेतकऱ्यांनीच निवडून दिलेली समिती असते. जमीन जाणणारी माणसे जमिनीबद्दल ठरवतात, ही या व्यवस्थेची ताकद आहे. पण अशाच स्थानिक व्यवस्थेत कृष्णवर्णीय शेतकऱ्यांना दशकानुदशके कर्जे आणि मदत नाकारली गेली, त्याचा खटला सरकारला १९९९ मध्ये मोठी भरपाई देऊन मिटवावा लागला. म्हणून काउंटीचे शहाणपण हवे आणि त्यावर राष्ट्राची नजरही हवी. कोणती जमीन कायमची गवताखाली जावी, कोणती चराईला, कोणती पिकाला, हे काउंटीतल्या लोकांनी एकत्र बसून ठरवावे. त्या बैठकीत जमीनमालकांइतकाच खंडकऱ्यांचा, दुकानदारांचा, शाळेतल्या शिक्षकांचा आवाज असावा. पैसा साऱ्या देशाचा आहे, तो कुणाच्या मालकी हक्काबरोबर आपोआप वाहत जाऊ नये.

२०१८ चा शेती कायदा २०२३ मध्ये संपला आणि त्यानंतर तो मुदतवाढींवर तगून राहिला. मुदतवाढ हीच या साऱ्या धोरणाची सवय झाली आहे. करारांना मुदतवाढ, कायद्याला मुदतवाढ, संकटालाही मुदतवाढ. शेतकऱ्याला मोबदला जरूर द्यावा, भरघोस द्यावा आणि तो सन्मानाने द्यावा. पण तो असा द्यावा, की तीस वर्षांनी गव्हाचा भाव कितीही चढला तरी त्या रेताड सेक्शनवर नांगर घालायचा की नाही, हा प्रश्न पुन्हा उभा राहणार नाही. तिथले उत्तर १९३५ मध्येच मिळालेले आहे. त्याची किंमत एकदाच, पूर्ण चुकती करणे एवढेच बाकी आहे.